बेळगावची गाडी, मिरजेचे क्रॉसिंग आणि लेटचा इतिहास

बेळगावच्या टिळकवाडीत पहिले, दुसरे, तिसरे रेल्वे गेट म्हणजे पत्ता सांगायच्या खुणा. गेट पडले की गाडीचे इंजिन बंद करत कुणीतरी विचारतो, "कुठली की ही?" उत्तर देणारा नाव सांगतो आणि वर जोडतो, "आजचीच असावी." थट्टा जुनी आहे. पण या लेटला ड्रायव्हरचा आळस किंवा स्टेशन मास्तरची डुलकी क्वचितच कारणीभूत असते. आपली लाईन कुणी, कशासाठी आणि केवढी बांधली, तिथपासून तो उशीर सुरू होतो.

१८७६ ते ७८ च्या दुष्काळात धान्य होते तिथून उपाशी माणसांपर्यंत पोचवायला वाट नव्हती. त्या धड्यातून १८८२ मध्ये सदर्न मराठा रेल्वे कंपनी उभी राहिली, मुख्यालय धारवाडला. हेतू होता दुष्काळी मुलखात स्वस्तात रूळ नेण्याचा. म्हणून लाईन मीटरगेज, म्हणजे दोन रुळांत मीटरभर अंतर, आणि एकेरी. त्या काळी रेल्वेची घड्याळे मद्रासच्या वेळेवर चालत, ती मुंबईच्या वेळेपेक्षा अर्धा तास पुढे. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात. म्हणजे मुंबई वेळेवर घड्याळ लावणारा माणूस गाडी निघून गेल्यावर स्टेशनात पोचायचा आणि दोघेही आपापल्या परीने वेळेवर असायचे! १९०५ मध्ये रेल्वेने आणि १ जानेवारी १९०६ पासून सरकारने भारतीय प्रमाणवेळ धरली, तेव्हा हा घोळ बराचसा मिटला. मुंबई शहराने मात्र आपली वेळ पुढे कित्येक वर्षे सोडली नाही.

एकेरी लाईनवर समोरासमोरच्या दोन गाड्यांना एकमेकींना टाळायला जागा फक्त स्टेशनात. यालाच आपण क्रॉसिंग म्हणतो. पूर्वी पुढच्या स्टेशनापर्यंत जायची परवानगी म्हणजे एक लोखंडी गोळा. तो चामडी पिशवीत आणि पिशवी वेताच्या मोठ्या कड्याला. फलाटावरचा माणूस कडे उंच धरून उभा, इंजिनातला माणूस हात बाहेर काढून ते दंडात अडकवून घेणार आणि मागचे कडे खाली टाकणार. गोळा हातात नाही तर गाडी पुढे नाही.

आता एकेरी लाईनचा जुना हिशोब बघा. मिरजेकडून येणारी गाडी वीस मिनिटे लेट झाली की बेळगावजवळच्या सुळेभावी स्टेशनात होणारे क्रॉसिंग मिरजेच्या बाजूच्या पाच्छापूरला सरकते. तिथे समोरची, वेळेवर आलेली गाडी लूपवर, म्हणजे स्टेशनातल्या बाजूच्या रुळावर, उभी राहते. तिच्यामागची मालगाडी आणखी मागे. एकीचा ताप सगळ्यांना येतो. त्यात कुठली गाडी आधी सोडायची ते ठरवणाऱ्या कंट्रोलरचा कल साहजिकच वेळेवर चाललेल्या गाडीकडे. जी आधीच लेट आहे तिला बाजूला घेतले तर बिघडायचे फारसे उरलेले नसते. म्हणून पंधरा मिनिटांचा उशीर घटप्रभा ओलांडेपर्यंत तासाचा होतो.

१९७१ च्या सुमारास पुण्याहून मिरजेपर्यंत ब्रॉडगेज, म्हणजे रुंद रूळ, आले आणि बेळगावचे दुखणे वाढले. मिरजेच्या दक्षिणेला मीटरगेज तसेच राहिले, थेट १९९० च्या दशकात रूळ बदलेपर्यंत. त्या वीस-बावीस वर्षांत मुंबई-पुण्याहून बेळगावला येणारा प्रत्येक माणूस मिरजेला उतरला आहे. ट्रंक, वळकटी, लहान पोर कडेवर, आणि पलीकडच्या फलाटावर धूर सोडत उभी असलेली छोटी गाडी. आई म्हणायची, "ती आपल्यासाठीच थांबलीय, पळू नको." खरेच थांबलेली असायची. पण वरच्या गाडीचा उशीर अशा रीतीने खालच्या गाडीत चढायचा आणि कुडची, रायबाग, चिकोडी रोड करत खानापूरपर्यंत जायचा. मालाचे तर विचारूच नका: पोते न् पोते हमालांच्या पाठीवरून या डब्यातून त्या डब्यात.

दुसरी अडचण खालच्या टोकाला. लोंढ्यापुढे कॅसलरॉक आणि गोव्यातले कुळे यांमधला घाट ३७ ला १ चढाचा, म्हणजे ३७ मीटर चालले की मीटरभर वर. गाडीला जादा इंजिने जोडायची, वर आल्यावर सोडायची. १९६१ पर्यंत पलीकडे पोर्तुगीज राज्य, त्यामुळे जकातीची तपासणी कॅसलरॉकलाच. पावसाळ्यात दरड आली की वास्कोहून निघालेली गोवा एक्सप्रेस बेळगावला किती वाजता येईल, हे सांगणारा भेटत नाही. एरवीही मुरगाव बंदरातून पोलाद कारखान्यांकडे जाणारा कोळसा याच वाटेने.

मग कागदावर या गाड्या वेळेवर कशा दिसतात? मेल-एक्सप्रेस शेवटच्या स्टेशनात पंधरा मिनिटांच्या आत पोचली की ती वेळेवर धरतात. बेळगाव बहुतेक लांबच्या गाड्यांच्या मधले स्टेशन. शिवाय वेळापत्रकात शेवटच्या टप्प्याला आणि दुसऱ्या झोनच्या हद्दीआधी जादा मिनिटे घातलेली असतात. मिरजेला दक्षिण पश्चिम रेल्वे संपून मध्य रेल्वे सुरू होते. बेळगावला अर्धा तास लेट निघालेली गाडी मिरजेला जवळपास वेळेवर लागते, ती या जादा मिनिटांच्या जोरावर. बेळगावच्या फलाटावरचा अर्धा तास कोणत्याच टक्केवारीत येत नाही. १ जुलै २०२० ला देशातल्या सगळ्या प्रवासी गाड्या वेळेवर धावल्याचे रेल्वेने जाहीर केले होते. टाळेबंदीमुळे त्या दिवशी गाड्या होत्या जेमतेम दोनशे!

पुणे-मिरज-लोंढा या ४६७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला २०१५-१६ मध्ये मंजुरी मिळाली. दुसरी लाईन झाली तिथे क्रॉसिंगचा जाच गेला. आता कटकट दुसरी: मागून येणाऱ्या वेगवान गाडीला वाट द्यायला पुढची थांबते. बेळगावहून सुटणारी बेंगळुरूची गाडी २०१९ पासून आहे, तिला निदान दुसऱ्याचा उशीर वारशाने मिळत नाही. धारवाडला जायला मात्र अजून लोंढ्याचा वळसाच. कित्तूरवरून जाणाऱ्या सुमारे ७३ किलोमीटरच्या थेट मार्गाला बेळगावचे खासदार सुरेश अंगडी रेल्वे राज्यमंत्री असताना, २०२० मध्ये मंजुरी मिळाली. त्याच वर्षी सप्टेंबरात ते गेले. पुढचा सगळा वेळ मुख्यतः जमिनीच्या वादात गेला, आणि धारवाडची गाडी अजून खानापूरच्या रानातूनच जाते.