मिक्सरचं झाकण लगेच उघडू नका

धुरी दिलेली मिरची दळताना लागणारा ठसका म्हणजे ॲलर्जी, असं अनेकांना वाटतं. बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते.

आपल्या चेतातंतूंच्या टोकांवर टीआरपीव्ही-१ नावाचं प्रथिन असतं. उष्णतेची वर्दी देणं हे त्याचं काम. तापमान साधारण ४३ अंश सेल्सियसच्या वर गेलं की त्यातलं छिद्र उघडतं, कॅल्शियम आणि सोडियमचे आयन (विद्युतभारित कण) पेशीत शिरतात आणि ‘भाजतंय’ असा निरोप मेंदूकडे निघतो. मिरचीतलं कॅप्सेसिन याच प्रथिनात जाऊन बसतं आणि तापमान तसूभर न वाढताही छिद्र उघडून देतं. जीभ भाजलेली नसते, पण निरोप तोच जातो! अमेरिकी शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांच्या गटाने १९९७ मध्ये हे प्रथिन ओळखलं. २०२१ मध्ये त्यांना मिळालेल्या वैद्यकशास्त्राच्या नोबेलमागे हेच काम होतं. पक्ष्यांमधलं हे प्रथिन कॅप्सेसिनला दाद देत नाही, म्हणून ते मिरच्या खुशाल खातात आणि बिया दूर नेऊन टाकतात. मला हे आजही विलक्षण वाटतं.

हेच प्रथिन श्वासमार्गातही असतं. मिक्सर थांबला तरी आत बारीक पूड तरंगत असते. एकदा मी झाकण घाईने काढलं आणि बराच वेळ खोकला थांबेना. आता दहा मिनिटं भांडं तसंच ठेवते. मास्क, चष्मा आणि हातमोजे घालूनच उघडते. कॅप्सेसिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, तेलात विरघळतं. हात चुरचुरले तर आधी तेल चोळावं, मग साबण लावावा.

धुराचा तो खमंग वास लाकडातल्या लिग्निन या घटकापासून होणाऱ्या ग्वायकॉल, सिरिंगॉल अशा फिनॉल गटातल्या रसायनांचा. पण त्याच धुरात बेन्झोपायरीनसारखी कर्करोगकारक द्रव्यंही असतात, म्हणून ‘नैसर्गिक, म्हणजे निर्धोक’ ही जाहिरातबाजी मला पटत नाही. रंगवलेलं लाकूड किंवा प्लायवूड जाळू नये. धुरी उघड्यावरच द्यावी, कारण धुरातल्या विषारी कार्बन मोनॉक्साइड वायूला वास नसतो.

आणि धुरी दिली म्हणजे मिरची टिकणार, असं नाही. ओलावा राहिला तर बुरशी धरते, आणि काही बुरशींचं अफ्लाटॉक्सिन हे विष नंतर भाजूनही पुरतं जात नाही. बुरशी दिसलेली मिरची टाकूनच द्यावी. बाकीच्या देठाजवळ वाकवून पाहाव्यात: चामड्यासारखी वाकली तर अजून सुकवायची, कटकन मोडली तरच दळायची.