चॅम्पियनचा फॉर्म आणि पुढच्या टायरमधली हवा

२०२५च्या सप्टेंबरअखेर जपानमधल्या मोतेगी ट्रॅकवर फ्रान्चेस्को बान्यायानं पोल पोझिशन, म्हणजे सुटतानाची सगळ्यांत पुढची जागा, घेतली, शनिवारची छोटी शर्यत, म्हणजे स्प्रिंट, जिंकली आणि रविवारची मुख्य शर्यतही खिशात घातली. मोटोजीपीचा, म्हणजे मोटरसायकल शर्यतींच्या सर्वोच्च मालिकेचा, हा दोन वेळचा विश्वविजेता वर्षभर चाचपडत होता. आता गाडी रुळावर आली, असं सगळ्यांनी जाहीर करून टाकलं. पुढच्याच आठवड्यात इंडोनेशियातल्या मांडालिकाला तो स्प्रिंटमध्ये चौदावा, म्हणजे सगळ्यांत शेवटी आला आणि रविवारी पडून बाद झाला. मग ऑक्टोबर संपायच्या आत मलेशियात सेपांगला पुन्हा पोल आणि पुन्हा स्प्रिंटचा विजय!

या सगळ्यावर चाहत्यांचं निदान ठरलेलं होतं. मार्क मार्केझ त्याच्या डुकाटी संघात सहकारी म्हणून आला आणि बान्याया मनानं खचला. मोतेगीलाच मार्केझनं दुसरा येऊन २०१९नंतरचं पहिलं विजेतेपद नक्की केलं होतं, त्यामुळे या निदानाला आणखी धार आली. मला ते घाईचं वाटतं. मनाचा भाग असतोच, पण खचलेलं मन महिन्याभरात जिंकतं, हरतं आणि पुन्हा जिंकतं, हे पटायला जड आहे. ताशी ३०० किलोमीटरच्या वर जाणाऱ्या माणसाला वळणाच्या तोंडाशी विश्वास वाटतो की नाही, हे बऱ्याच अंशी पुढचा टायर त्याला काय कळवतोय यावर ठरतं. आणि तो टायर काय कळवणार, हे ठरतं त्याच्या तापमानावर आणि आतल्या हवेच्या दाबावर.

त्याच हंगामाची पहिली शर्यत आठवा. मार्च २०२५, थायलंडमधलं बुरिराम. मार्क मार्केझ पोलवरून सुटला, पुढे निघाला आणि सातव्या फेरीत अचानक वेग कमी करून त्यानं धाकट्या भावाला, आलेक्स मार्केझला, पुढे जाऊ दिलं. गाडी बिघडली असावी असंच पाहणाऱ्यांना वाटलं. नंतर बराच वेळ मार्क भावाच्या मागे चिकटून राहिला आणि शेवटच्या काही फेऱ्यांत पुढे जाऊन आरामात जिंकला. शर्यतीनंतर त्यानं कारण सांगितलं: पुढच्या टायरचा दाब कमी पडत होता. तो वाढवायला त्याला कुणाच्या तरी मागे जाणं भाग होतं.

मागे गेल्यानं टायरमधला दाब वाढतो, हे पहिल्यांदा ऐकताना विचित्र वाटतं. पण त्यात शाळेतल्या वायूच्या नियमापलीकडचं काही नाही.

आधी नियमपुस्तक. मिशलिन ही कंपनी सगळ्यांना टायर पुरवते आणि दाब एका मर्यादेखाली गेला की टायरचा सांगाडा जास्त वाकून त्याला इजा होऊ शकते, असं तिचं म्हणणं. म्हणून २०२४पासून पुढच्या टायरसाठी किमान १.८ बार (बार हे दाबाचं एकक) ही मर्यादा आहे. मुख्य शर्यतीच्या ६० टक्के फेऱ्यांत आणि स्प्रिंटच्या ३० टक्के फेऱ्यांत दाब त्याच्या वर असलाच पाहिजे. नाही राहिला, तर मुख्य शर्यतीत १६ सेकंदांचा आणि स्प्रिंटमध्ये ८ सेकंदांचा दंड. बुरिरामची शर्यत २६ फेऱ्यांची, म्हणजे मार्केझला निदान १६ फेऱ्या हव्या होत्या. हा हिशोब त्यानं गाडी चालवता चालवता केला. २०२५लाच कतारमध्ये मॅव्हरिक विन्यालेस दुसरा आला होता. दाब कमी भरल्यामुळे दंड लागून तो थेट चौदावा झाला.

टायरमधल्या हवेचं आकारमान जवळपास स्थिर असतं. अशा वेळी दाब हा निरपेक्ष तापमानाच्या, म्हणजे केल्विनमधल्या तापमानाच्या, प्रमाणात वाढतो. १.८ बार हा मापकावरचा आकडा. त्यात वातावरणाचा एक बार मिळवला की खरा दाब २.८ बार. टायरमधली हवा साधारण ३५० केल्विनवर, म्हणजे ७७ अंश सेल्सियसवर, आहे असं धरा. तापमान १० अंशांनी वाढलं तर दाब २.८ × १० ÷ ३५०, म्हणजे ०.०८ बारनं वाढेल. २५ अंशांनी वाढलं तर मापकावर १.८चे थेट २.० होतील.

एवढ्याशा फरकानं काय बिघडतं? जोरात ब्रेक मारला की गाडीचं आणि रायडरचं जवळजवळ सगळं वजन पुढच्या चाकावर येतं. मागचं चाक हवेत उचललेलं आपण पाहतोच. गाडी निदान १५७ किलोची, वर रायडर आणि त्याचा पेहराव. एकूण २३५ किलो धरले तर सुमारे २३०० न्यूटनचा भार झाला. टायरचा सांगाडा स्वतः पेलतो तो भाग सोडून दिला आणि सगळं वजन हवेनंच पेललं असं मानलं, तर १.८ बारला रस्त्याला टेकलेला पट्टा १२८ चौरस सेंटीमीटरचा होतो आणि २.० बारला ११५ चौरस सेंटीमीटरचा. दहा टक्के जमीन गेली.

इथे शाळेचं पुस्तक नीट वाचलेला वाचक हात वर करील. घर्षण तर संपर्काच्या क्षेत्रफळावर अवलंबून नसतं ना? ते फक्त भार आणि घर्षणगुणांकावर ठरतं असं आपण शिकलो. मग पट्टा लहान झाला काय आणि मोठा झाला काय?

रबर हा नियम पाळत नाही, आणि मोटरसायकल रेसिंगमधली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट हीच आहे.

लाकडी ठोकळा टेबलावर ठेवला की दोन्ही पृष्ठभाग फक्त उंचवट्यांच्या टोकांवर टेकतात. खरा संपर्क दिसणाऱ्या क्षेत्रफळाच्या अगदी किरकोळ भागात असतो. भार दुप्पट केला की तो खरा संपर्क दुप्पट होतो, म्हणून घर्षणही दुप्पट, आणि ठोकळा आडवा ठेवला की उभा याला महत्त्व उरत नाही. रबर मऊ असतं. ते डांबरातल्या खड्यांच्या फटींत शिरतं, खड्यांभोवती लपेटतं. मध्यम भारालाच त्याचा खरा संपर्क इतका वाढलेला असतो की आणखी दाबलं तरी नव्यानं टेकायला फारशी जागा उरत नाही. त्यामुळे दर चौरस सेंटीमीटरवरचा भार वाढला की रबराचा घर्षणगुणांक घटतो. तेच वजन मोठ्या पट्ट्यावर पसरलं तर पकड जास्त, लहान पट्ट्यावर एकवटलं तर कमी.

आता ही पकड येते कुठून? दोन वाटांनी. पहिली चिकटण्याची: रबराचे रेणू आणि खडीचे रेणू इतके जवळ येतात की त्यांच्यात क्षीण आकर्षणबलं काम करू लागतात. दुसरी वाट जास्त मजेशीर आहे. रबर म्हणजे लांबच लांब रेणूंचा, दोऱ्यांच्या गुंत्यासारखा पसारा. खडीचा उंचवटा रबरात घुसला की दोरे ताणले जातात, पुढे सरकला की मूळ जागी यायला बघतात, पण एकमेकांत अडकत अडकत, थोडे उशिरा. हा उशीरच महत्त्वाचा. उंचवट्याच्या पुढच्या बाजूला रबर जोरात दाबतं आणि मागच्या बाजूला वेळेत परत येऊन ढकलत नाही. दोन्ही बाजूंच्या बलांत फरक पडतो, तो गतीला विरोध करतो, आणि गेलेली ऊर्जा उष्णता होऊन रबरातच मुरते. पकड आणि तापणं ही अशी एकाच व्यवहाराची दोन टोकं आहेत.

हा उशीर किती असावा? उत्तम पकड असलेला टायरही संपर्काच्या पट्ट्यात थोडा घसरतच असतो. घसरण्याचा वेग सेकंदाला एक मीटर आणि उंचवटे एक मिलिमीटर अंतरावर असतील, तर रबराला सेकंदाला हजार धक्के बसतात. मायक्रोमीटरच्या खरबरीतपणासाठी दहा लाख. रेणूंची हालचाल या धक्क्यांच्या तालाशी जुळली तर ऊर्जेचा व्यय सर्वाधिक आणि पकडही सर्वाधिक. रबर थंड असेल तर रेणू इतके संथ असतात की रबर कडक वागतं आणि फटींत शिरतच नाही. फार तापलं तर रेणू इतके चपळ होतात की उशीरच उरत नाही. रबर स्प्रिंगसारखं लगेच परत येतं, शिवाय वरचा थर कमजोर होऊन फाटू लागतो. तापमानाच्या मधल्या पट्ट्यात राहायचं, वीस-पंचवीस फेऱ्या. सॉफ्ट, मीडियम, हार्ड हे प्रकार म्हणजे हा पट्टा तापमानाच्या मोजपट्टीवर पुढे-मागे सरकवण्याची सोय.

आता मार्केझ बंधूंकडे परत. पुढे एकट्यानं पळणाऱ्याच्या चाकावर मोकळी, थंड हवा आदळते. मागच्याला मिळते ती पुढच्या गाडीनं ढवळलेली, तिच्या रेडिएटर-एक्झॉस्टची उष्णता घेतलेली, मंदावलेली हवा. कार्बनच्या ब्रेक डिस्क कित्येकशे अंशांपर्यंत तापतात. ती उष्णता बाहेर वाहून न्यायला पुरेशी हवा नाही, म्हणून ती रिममधून टायरमध्ये उतरते. दुसरी गोष्ट, पुढच्या गाडीच्या आडोशात हवेचा विरोध कमी. सरळ रस्त्यावर हा फायदा, पण ब्रेक लावायच्या जागी तोटा: एरवी हवेनं जो वेग मारला असता तोही ब्रेकनंच मारावा लागतो. पुढच्या टायरवर जास्त काम, जास्त उष्णता. तिसरी गोष्ट पंखांची. डुकाटीनं दहा वर्षांपूर्वी लावायला सुरुवात केली ते पंख आता सगळ्यांच्या गाड्यांवर आहेत आणि ते पुढचं चाक जमिनीला दाबून धरतात. पण ढवळलेल्या हवेत पंखांचा हा जोर घटतो. म्हणजे टायर तापलेला, फुगलेला, पट्टा लहान झालेला, आणि त्यात वरून मिळणारी मदतही कमी. रायडर ब्रेक धरतो, पुढचं चाक अडकतं आणि गाडी खालून निसटते. टीव्हीवर हे बघून आपण म्हणतो, दडपण सहन झालं नाही.

शर्यतीआधी इंजिनिअरला हवा भरताना ठरवावं लागतं: आपला माणूस पुढे पळेल की गर्दीत अडकेल? पुढे पळणार असं धरून जास्त हवा भरली आणि सुरुवात फसली, तर गर्दीत दाब चढतो आणि ओव्हरटेक करायचं बळच राहत नाही. अडकेल असं धरून कमी भरली आणि तो निसटला, तर दंडाची टांगती तलवार. पहिल्या वळणावरच्या दोन जागा पुढच्या पाऊण तासाचं भवितव्य ठरवतात. सलग जिंकणारा जिंकतच राहतो आणि घसरलेला घसरतच जातो, यातला काही भाग या चक्राचा आहे: पात्रता फेरीत मागे राहिलं की ढवळलेली हवा, तापलेला टायर, आणखी मागे.

मागचा टायरही यात आहेच. वळताना मागच्या चाकाला पकड जास्त मिळाली तर ते पुढच्याला बाहेर ढकलतं. मांडालिका, बुरिराम अशा ट्रॅकवर मिशलिन मागच्या बाजूला उष्णता सोसणारा, जास्त ताठ सांगाड्याचा टायर आणते. एका आठवड्यात रायडरच्या पायाखालची गाडी अशी बदलते. २०२०ला मिशलिननं मागचा टायरच नवा आणला. त्या वर्षी १४ शर्यतींत ९ वेगवेगळे विजेते झाले, होंडाला एकही विजय मिळाला नाही आणि सुझुकीचा जोआन मीर एकच शर्यत जिंकून विश्वविजेता ठरला. मार्केझ स्पेनमधल्या हेरेझला हात मोडून बाहेर होता हे खरंच, पण फक्त त्यानं एवढी उलथापालथ होत नाही.

त्याआधीची मोठी वैरंही टायरनं घडवली. २००७ला प्रत्येक रायडरला शर्यतीच्या आठवड्याला ३१ टायर आधीच निवडून ठेवायची सक्ती आली. युरोपातल्या शर्यतींसाठी शनिवारी रात्री खास टायर बनवून रविवारी सकाळी पोचवण्याची मिशलिनची पद्धत त्यानं बंद पडली. मिशलिनची तेव्हाची स्पर्धक कंपनी ब्रिजस्टोन, तिच्या टायरवरच्या केसी स्टोनरनं डुकाटीला विजेतेपद मिळवून दिलं. व्हॅलेंटिनो रॉसीनं पुढच्या वर्षासाठी ब्रिजस्टोन मागून घेतले आणि २००८ जिंकलं. त्याचा सहकारी होर्हे लोरेन्झो मिशलिनवरच होता, म्हणून यामाहाच्या गॅरेजात मधोमध भिंत उभी राहिली. २००९ला सगळ्यांना ब्रिजस्टोन सक्तीचे झाले, तरी भिंत तशीच राहिली. तोवर वैर खरं झालं होतं.

आता '१ नंबरच्या शापा'बद्दल. विजेत्यानं पुढच्या वर्षी गाडीवर १ आकडा लावला की त्याचं पद जातं, अशी एक समजूत आहे. स्टोनरचं गेलं, लोरेन्झोचं गेलं, २०२४चा विजेता होर्हे मार्टिन तर २०२५ला हंगामाआधीच जखमी झाला. रॉसी ४६वर आणि मार्केझ ९३वर राहिले म्हणून टिकले म्हणे! यात शाप कुठेही नाही. विजेतेपद बहुधा अशा वर्षी मिळतं जेव्हा कौशल्य, गाडी, टायर आणि नशीब चारही एकाच बाजूला असतात. पुढच्या वर्षी त्यातलं एखादं तरी सरासरीकडे परत जातं. १ आकडा नेमका त्या घसरणीच्या तोंडावर लावला जातो, इतकंच. १९९८ला मिक डूहननं आणि २०२३ला बान्यायानं १ लावूनच पद राखलं, याचा मात्र शापवाल्यांना विसर पडतो. आणि २०२४ला बान्याया ११ शर्यती जिंकूनही ३ जिंकणाऱ्या मार्टिनकडून १० गुणांनी हरला, त्या वर्षीही त्याच्या गाडीवर १ होता. पण हरवलं ते शून्य गुणांच्या रविवारांनी आणि स्प्रिंटमधल्या गळतीनं.

२०२७ला हा सगळा पट पुन्हा मांडला जाणार आहे. इंजिन १००० ऐवजी ८५० सीसीचं, गाडीची उंची खाली-वर करणारी यंत्रणा बंद, पंख लहान, आणि मिशलिनच्या जागी पिरेली. पंख लहान झाले की मागच्याला मिळणारी हवा कमी ढवळलेली असेल. पण माझं लक्ष टायरकडे आहे. मिशलिनच्या सांगाड्याची दहा-अकरा वर्षांत साठवलेली माहिती त्या दिवशी बाद होईल. पिरेलीचे टायर मोटो२ आणि मोटो३मध्ये २०२४पासून आणि सुपरबाइकमध्ये २००४पासून आहेत, त्यामुळे तिथून वर येणाऱ्या पोरांना त्या रबराचा उशीर किती असतो हे हाताला ठाऊक असेल. आज नावाजलेल्या कित्येकांना ते नव्यानं शिकावं लागेल, आणि त्या हिवाळ्यातल्या चाचण्यांत कोण किती वेळा पुढचं चाक निसटून पडतो, हे मी फेरीच्या वेळांपेक्षा जास्त बारकाईनं बघणार आहे.