ट्रेल (इंग्रजी क्रियापद)

जमिनीवरून आपल्यामागे ओढत नेणे आणि एखाद्याच्या मागावर जाणे, हे ट्रेल या इंग्रजी क्रियापदाचे दोन मुख्य अर्थ आहेत. वरवर ते एकमेकांपासून दूरचे वाटतात. पण जे जमिनीवरून ओढले जाते त्याची खूण मागे राहते आणि त्या खुणेवरूनच माग काढता येतो, हे ध्यानात घेतले की त्यांचे नाते उलगडते.

हा शब्द मध्ययुगीन इंग्रजीत जुन्या फ्रेंचमधून आला. त्यामागे बोलीभाषेतील लॅटिनचे ‘त्रागुलारे’ हे रूप मानले जाते. ते कोठेही लिहिलेले सापडत नाही, अभ्यासकांनी तुलनेवरून कल्पिलेले आहे. लेखी लॅटिनमध्ये ‘त्रागुला’ हे नाम मात्र आढळते आणि त्याचे अर्थ वादीने फेकायचा भाला व पाण्यातून ओढायचे जाळे असे आहेत. ओढणे या अर्थाच्या ‘त्राहेरे’ या क्रियापदाशी बहुधा त्याचा संबंध असावा; ट्रॅक्टर हा शब्द त्याच कुळातला. कोकण किनाऱ्यावर जाळे ओढत मासेमारी करणाऱ्या ट्रॉलरचे नावही बहुधा डच भाषेमार्गे या जाळ्यापर्यंतच पोहोचते.

इंग्रजीत आधी लांब झग्याचा घोळ जमिनीवर लोळणे हा अर्थ रुळला. माग काढणे हा अर्थ १६व्या शतकाच्या अखेरीस दिसू लागतो. अमेरिकेत १९व्या शतकात रानातून मळलेल्या वाटेलाही हेच नाव मिळाले. ओरेगन ट्रेलवरून पश्चिमेकडे गेलेल्या गाड्यांच्या चाकोऱ्या वायोमिंगमधील गर्न्सी गावाजवळच्या वालुकाश्मात आजही खोल उमटलेल्या दिसतात. या शब्दाचे सारे अर्थ एका ठिकाणी दाखवणारे याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. चित्रपटाच्या ट्रेलरलाही ते नाव पडले, कारण आरंभी ही जाहिरात मूळ चित्रपटानंतर, म्हणजे त्याच्या मागोमाग दाखवली जाई.

मराठीत यासाठी एकच क्रियापद नाही. पदर लोळतो, वेल भुईवर पसरतो, संघ पिछाडीवर असतो, बोलता बोलता आवाज विरत जातो आणि पोलीस माग काढतात. यांपैकी ‘माग’ हा शब्द विशेष लक्षणीय आहे, कारण तो संस्कृत ‘मार्ग’ या शब्दापासून आला असून, एका प्रचलित व्युत्पत्तीनुसार मार्ग म्हणजे मुळात मृगाची, रानातल्या जनावराची वाट होय.