औष्णिक समतोल

भिन्न तापमानांच्या दोन वस्तू एकमेकींना चिकटवून ठेवल्या की जास्त तापमानाच्या वस्तूकडून कमी तापमानाच्या वस्तूकडे उष्णता जाऊ लागते. दोहोंचे तापमान सारखे झाले की हे जाणे थांबते. या स्थितीला औष्णिक समतोल म्हणतात. समतोलात सारखे होते ते तापमान. दोन्ही वस्तूंमधील ऊर्जा सारखी होत नाही. उष्णता आणि तापमान यांची शालेय वयात होणारी गल्लत इथेच सुटू शकते.

तापमान हे पदार्थातील कणांच्या सरासरी गतिज ऊर्जेशी निगडित असते. तापमानातील फरकामुळे एका वस्तूतून दुसरीत जाणारी ऊर्जा म्हणजे उष्णता. ती ज्यूलमध्ये मोजतात. वस्तूत साठलेल्या ऊर्जेला आंतरिक ऊर्जा म्हणणे योग्य. ‘या पाण्यात खूप उष्णता आहे’ असे आपण सहज बोलतो, पण भौतिकीच्या उत्तरपत्रिकेत ते लिहू नये.

१०० °से. तापमानाचा १०० ग्रॅम लोखंडी गोळा २५ °से. तापमानाच्या २०० ग्रॅम पाण्यात सोडला, तर समतोलाचे तापमान जेमतेम २९ °से. होते. त्याच गोळ्याऐवजी १०० °से.चे १०० ग्रॅम पाणी ओतले असते तर ते ५० °से. झाले असते. १ ग्रॅम पाण्याचे तापमान १ °से.ने वाढवण्यास सुमारे ४.१८ ज्यूल लागतात, लोखंडाला सुमारे ०.४५. पदार्थाच्या या गुणधर्माला विशिष्ट उष्माधारकता म्हणतात. गरम वस्तूने गमावलेली उष्णता ही थंड वस्तूने मिळवलेल्या उष्णतेइतकी असते, हे उष्णता विनिमयाचे तत्त्व. वरील दोन्ही उत्तरे त्यावरूनच निघतात. मात्र भांडे आणि बाहेरची हवा यांना गेलेली उष्णता त्यात धरलेली नाही. प्रयोगशाळेतला कॅलरीमापी (उष्णता मोजण्याचे भांडे) ही गळती कमी ठेवण्यासाठीच असतो.

उष्णता व तापमान वेगळे आहेत हे स्कॉटलंडच्या जोसेफ ब्लॅक यांनी १७६०च्या सुमारास स्पष्ट केले. वितळणारा बर्फ सतत उष्णता घेत राहतो, तरी त्याचे तापमान ० °से.वरच राहते. तापमान न वाढवता केवळ बर्फ वितळवण्यात खर्च होणारी ही अप्रकट उष्मा दर ग्रॅमला सुमारे ३३४ ज्यूल असते. उष्णता हा एक प्रवाही पदार्थ आहे ही त्या काळची समजूत मात्र पुढे टिकली नाही. म्यूनिकमध्ये तोफांच्या नळ्या कोरताना घर्षणाने अखंड उष्णता निघत राहते, हे शास्त्रज्ञ रम्फर्ड यांनी १७९८ मध्ये मांडले आणि १८४०च्या दशकात भौतिकशास्त्रज्ञ जूल (ज्यूल हे एकक त्यांच्याच नावाचे) यांच्या मोजमापांनी उष्णता ही ऊर्जाच असल्याचे पक्के केले.

‘अ’ आणि ‘ब’ या वस्तू स्वतंत्रपणे ‘क’शी समतोलात असतील, तर त्या परस्परांशीही समतोलात असतात. हा उष्मागतिकीचा, म्हणजे उष्णता व ऊर्जा यांच्या शास्त्राचा, शून्यावा नियम. वाचताना तो उघड वाटतो, पण तापमापकाचा सगळा आधार तोच आहे. तापमापक खरे तर स्वतःचे तापमान दाखवतो. तो वस्तूशी समतोलात आला की तेच वस्तूचे तापमान ठरते. म्हणून ताप पाहताना काचेचा तापमापक थोडा वेळ तसाच ठेवावा लागतो. स्पर्श ही भूमिका पार पाडू शकत नाही. एकाच खोलीत रात्रभर राहिलेली लोखंडी कांब आणि लाकडी फळी समान तापमानाला असतात, तरी कांब अधिक गार लागते. लोखंड हातातील उष्णता लवकर वाहून नेते.

समतोल आणि स्थिर अवस्था यांतही फरक करावा. तांब्याच्या दांड्याचे एक टोक वाफेत आणि दुसरे बर्फात ठेवले, तर काही वेळाने प्रत्येक बिंदूचे तापमान बदलेनासे होते, पण दांड्यातून उष्णता वाहतच असते. हा समतोल नव्हे. जिवंत माणूसही परिसराशी समतोलात नसतो: शरीर सुमारे ३७ °से.वर राहते. मे महिन्यात नागपूर-चंद्रपूरकडे हवा ४५ °से.पर्यंत तापते, तेव्हा उष्णता उलट हवेकडून शरीराकडे येते आणि ती बाहेर टाकायला घामाचे बाष्पीभवन हाच मुख्य मार्ग उरतो.