वायरलेस व्हीआर अडकतंय? प्लॅन वाढवायच्या आधी हे वाचा

आमच्याकडनं पीसी नाहीतर राउटर नेलेल्या, आणि घरात व्हीआर हेडसेट (डोळ्यांवर लावून गेम खेळायचा) असलेल्या सगळ्या ग्राहकांसाठी

कोल्हापुरात राजारामपुरीत आमच्या दुकानात हेडसेटवाल्यांचे जे फोन येतात त्यातले बरेचसे एकाच वाक्यानं सुरू होतात, "अहो नेटचा प्लॅन तीनशेच्या स्पीडचा करून घेतला तरी गेम अडकतोयच." म्हणून आधी हेच सांगतो. पीसीवरचा गेम हेडसेटमध्ये वायरलेस खेळताना तुमचं इंटरनेट जवळपास वापरलंच जात नाही. गेम पीसीवर चालतो, ग्राफिक कार्ड त्याचा व्हिडिओ करतं, तो राउटरकडं जातो, राउटर वाय-फायवरनं हेडसेटला देतो, सगळा कारभार घरातल्या घरात. पुण्याहून येणारा हायवे कितीबी रुंद केला तरी तुमच्या गल्लीत गाडी वळत नसेल तर काय उपयोग? ऑनलाइन मॅच किंवा डाउनलोड असेल तर इंटरनेट लागणारच, तो विषय वेगळा. पीसीवरचा गेम हेडसेटला पाठवायला एअर लिंक वापरा, स्टीम लिंक वापरा नाहीतर पैसे भरून व्हर्च्युअल डेस्कटॉप ॲप घ्या, खालचं जवळपास सगळं तिन्हीला लागू आहे.

पीसी राउटरला केबलनंच जोडा

पीसी पण वाय-फायवर आणि हेडसेट पण वाय-फायवर असेल तर तोच व्हिडिओ हवेतनं दोनदा जातो, एकदा पीसीकडनं राउटरला आणि परत राउटरकडनं हेडसेटला, आणि तेही बहुतेक एकाच चॅनलवर. मग अडकणारच की.

आता केबल आहे तरी अडकतंय म्हणणाऱ्यांसाठी. विंडोजच्या सेटिंगमध्ये नेटवर्क, तिथं इथरनेट, आणि खाली लिंक स्पीड बघा. १०००/१००० (एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला मेगाबिट) दिसलं तर झकास. १००/१०० दिसलं तर तुमचा चोर सापडला. लॅन केबलमध्ये आठ तारा असतात, १०० च्या स्पीडला त्यातल्या चारच लागतात, हजारला आठही लागतात. एखादी तार क्लिपमध्ये नीट बसली नसेल, दारात चेंगरली असेल, नाहीतर वायरमननं क्लिपमध्ये चारच तारा दाबून बसवल्या असतील, तरी नेट चालतंय, फक्त १०० वर येतंय. आणि गंमत अशी की घरात प्लॅन १०० चाच असतो, स्पीड टेस्ट मारली की नव्वदच्या पुढं आकडा येतो आणि माणूस खूश, केबलवर कुणाला संशयच येत नाही. पण व्हीआरचा व्हिडिओ बऱ्याचदा १०० ते १५० एमबीपीएसवर सेट असतो, तो त्या पाईपमधनं जाणार कसा? कॅट फाइव्ह ई नाहीतर कॅट सिक्स प्रकारची तयार लॅन केबल घ्या, लय महाग नसते. केबल बदलूनही १०० च दिसलं तर राउटरचा पोर्ट बघा, फायबरसोबत फुकट मिळणाऱ्या काही राउटरना १०० चेच पोर्ट असतात, मग राउटरच बदलावा लागतो, दुसरा इलाज नाही.

वाय-फाय

राउटर वाय-फाय दोन बँडवर देतो, २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ; हेडसेट ५ गिगाहर्ट्झवरच पाहिजे. राउटरमध्ये दोन्ही बँडला एकच नाव असेल तर हेडसेट कधी २.४ वर जाऊन बसेल सांगता येत नाही, तेव्हा ५ ला वेगळं नाव द्या आणि हेडसेटला तेवढंच जोडा. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनलची रुंदी ८० मेगाहर्ट्झ ठेवा, चॅनल ३६ ते ४८ मधला घ्या. ५२ ते १४४ हे चॅनल रडारबरोबर वाटून घेतलेले आहेत, रडारचा सिग्नल ऐकू आला की राउटरला नियमाप्रमाणं चॅनल सोडावा लागतो आणि तुमचा गेम मध्येच तुटतो.

राउटर खेळायच्याच खोलीत पाहिजे. मंगळवार पेठ, शिवाजी पेठेतल्या जुन्या घरांच्या जाड भिंती आणि नव्या बंगल्यांचा स्लॅब, दोन्हीतनं ५ गिगाहर्ट्झ मार खातं. मध्ये एक्स्टेंडर (वाय-फाय पुढं ढकलणारा डबा) लावून प्रश्न सुटत नाही, उलट वाढतो. वरच्या मजल्यावर खेळत असाल तर केबल वर ओढून तिथं वेगळा राउटर ॲक्सेस पॉइंट म्हणून (म्हणजे त्याच नेटवर्कचं नुसतं वाय-फाय द्यायला) लावा, आणि त्यावर घरातले मोबाईल, टीव्ही काही जोडू नका.

दोष नेमका कुठं आहे

व्हर्च्युअल डेस्कटॉपच्या स्ट्रीमिंग टॅबमध्ये परफॉर्मन्स ओव्हरले (खेळतानाच समोर आकडे दाखवणारी पट्टी) चालू करा, त्यात गेम, एन्कोडिंग (पीसीनं व्हिडिओ आवळणं), नेटवर्किंग, डीकोडिंग (हेडसेटनं तो परत उलगडणं) असे वेगवेगळे आकडे येतात. नेटवर्किंग उड्या मारत असेल तर वर लिहिलेलं सगळं परत बघा. गेमचा आकडा वाढला असेल तर वाय-फायला शिव्या घालून उपयोग नाही, पीसीला लोड झेपत नाही. ९० हर्ट्झला एक फ्रेम साधारण ११ मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते, ७२ ला जवळपास १४ मिळतात, म्हणून आधी ७२ वर या, ग्राफिक्स कमी करा. डीकोडिंग वाढलं तर बिटरेट, म्हणजे व्हिडिओचा एमबीपीएसचा आकडा, उतरवा. कोडेक म्हणजे व्हिडिओ आवळायची पद्धत; त्यातला एव्ही१ मेटाच्या क्वेस्ट ३ हेडसेटवर चालतो, पण पीसीत एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४० सिरीजसारखं नवं ग्राफिक कार्ड पाहिजे, क्वेस्ट २ वाल्यांनी एचईव्हीसी कोडेकच ठेवा.

लॅपटॉपवाल्यांनी चार्जर लावल्याशिवाय खेळू नये, बॅटरीवर ग्राफिक कार्ड अर्धं झोपेत असतंय.

आणि हेडसेटला पीसी दिसतच नसेल तर बहुतेक वेळा दोन्ही वेगळ्या नेटवर्कवर असतात, एक गेस्ट वाय-फायवर नाहीतर दोन राउटर एकामागं एक लावलेले. ते ठीक असेल तर विंडोजमध्ये नेटवर्क पब्लिकवरनं प्रायव्हेट करा आणि फायरवॉलमध्ये त्या ॲपला परवानगी द्या. फायरवॉल कायमची बंद करू नका बरं का, युट्यूबवर कुणी कितीबी सांगू दे.

एवढं करून जमलं नाही तर व्हॉट्सॲपवर तीन फोटो पाठवा, लिंक स्पीडचा, ओव्हरलेचा आणि राउटरच्या खालच्या स्टिकरचा (पासवर्डवर बोट ठेवून). ते बघूनच सांगतो घरी माणूस पाठवायला पाहिजे का नुसती केबल न्यायला या.