भातुकलीचा पाचवा डाव

बडोद्याच्या रावपुऱ्यातला तांबेकर वाडा भाचीने शाळेच्या सहलीत पाहिला आणि घरी येऊन तो कॉम्प्युटरवर बांधायला घेतला. भाऊ तांबेकर १८४९ ते १८५४ या काळात बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा. आत भिंतीच्या भिंती चित्रांनी भरलेल्या आहेत: महाभारतातले प्रसंग, कृष्णलीला, इंग्रज-मराठ्यांच्या लढाया. ‘द सिम्स ४’ या घर बांधून त्यात माणसं नांदवायच्या गेममध्ये तिने जिना, लाकडी खांब, खिडक्या असं आठवेल तसं उभं केलं. दोन रविवार त्यात गेले. मग घरात माणसं राहायला आणायची वेळ आली आणि नवव्या माणसापाशी गेम अडला. एका कुटुंबात आठच सिम्स, म्हणजे गेममधली माणसं, चालतात.

माझी आई शेजारी बसून बघत होती. ती दांडिया बाजारातल्या एका जुन्या घरात अकरा जणांत वाढली. तिने विचारलं, “मग उरलेले तिघं कुठे जेवणार गं?”

“पाचव्यात असेल आजी,” भाची म्हणाली. “पाचवा सिम्स आला की सगळे मावतील.”

हेच वाक्य मी २००३ मध्ये दुसऱ्या सिम्सबद्दल म्हटलं होतं, आणि माझ्याहून धाकट्यांनी पुढे तिसऱ्याबद्दल आणि चौथ्याबद्दल म्हटलं. ‘पुढच्यात असेल’ हा या मालिकेचा जुना आधार आहे. तो इतका पक्का का झाला आणि आता का डळमळतोय, हे समजायला पार आगीपर्यंत मागे जावं लागतं.

२० ऑक्टोबर १९९१ रोजी कॅलिफोर्नियात ओकलंडच्या टेकड्यांवर वणवा पेटला. पंचवीस माणसं गेली, हजारो घरं जळाली. त्यांत विल राइट यांचं घरही होतं. राइट तेव्हा ‘सिमसिटी’चे कर्ते म्हणून नावाजलेले, १९८९ साली आलेल्या त्या गेममध्ये खेळणारा अख्खं शहर वसवत असे. घर गेल्यावर त्यांना एकेक वस्तू नव्याने घ्यावी लागली. झाऱ्यापासून पलंगापर्यंत काय लागतं, कशाला लागतं, कोणत्या वस्तूवाचून खरंच अडतं, याचा हिशेब करता करता त्यांना गेम सुचला. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर अलेक्झांडर यांच्या विचारांचाही त्यांच्यावर प्रभाव होता. सुरुवातीचा आराखडा घर बांधण्याचाच होता. आतली माणसं घर कसं जमलंय ते सांगण्यापुरती, म्हणजे खोली अंधारी असली तर कुरकुरणारी, न्हाणीघर लांब पडलं तर धावाधाव करणारी. पुढे त्या माणसांनीच गेम ताब्यात घेतला.

प्रकल्पाला बाहुलीघर म्हणत, आणि त्या नावानेच तो बराच काळ रखडला. मुलगे बाहुलीघर खेळणार नाहीत, असं राइट यांच्या मॅक्सिस कंपनीत अनेकांना वाटत होतं. १९९७ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या बड्या गेम कंपनीने मॅक्सिस विकत घेतली आणि मग कामाला बळ आलं. आपल्याकडे या खेळाची कुणाला शंका आली नसती. भातुकलीत मुलं बोळक्यांत खोटा भात शिजवतात, एक जण आई होते, एक जण कामावर जातो, पाहुणे येतात, भांडण होतं, डाव मोडतो आणि चार वाजता पुन्हा मांडतात. सिम्सचा सगळा जीव यातच आहे. म्हणून मराठी घरांत हा गेम कुणाला समजावून सांगावा लागला नाही. आईने पडद्याकडे एकदा बघितलं आणि म्हणाली, “भातुकली आहे ही.”

पहिला ‘द सिम्स’ फेब्रुवारी २००० मध्ये आला. भूक, झोप, स्वच्छता, करमणूक अशा आठ गरजांच्या पट्ट्या, वीस हजार सिमोलियनचं भांडवल आणि मोकळी जागा. स्वयंपाक न येणाऱ्या सिमला शेगडीपाशी उभं केलं तर आग लागायची, आणि ती पाहताना राइट यांचं जळलेलं घर मला आजही आठवतं. आमच्या घरी ताईच्या कॉम्प्युटरवर मी तो खेळले. पैसे संपले की कंट्रोल, शिफ्ट आणि सी दाबून वर उघडणाऱ्या चौकटीत ‘रोझबड’ लिहायचं, हजार सिमोलियन मिळायचे. पुढे अर्धविराम आणि उद्गारचिन्ह यांची माळ लावली की तोच कोड पुन्हा पुन्हा चालायचा. ताईने ती माळ वहीच्या शेवटच्या पानावर जपून लिहून ठेवली होती.

सिम्स जी भाषा बोलतात ती कोणाचीच नाही. स्टीफन केअरिन आणि जेरी लॉलर या कलावंतांनी उत्स्फूर्त अभिनयातून तिचे आवाज घडवले. घरी मराठी, गल्लीत गुजराती, टीव्हीवर हिंदी आणि शाळेत इंग्रजी असलेल्या बडोद्याच्या मुलांना त्या बोलण्यातला राग आणि लाड लगेच कळायचा. मार्च २००२ पर्यंत हा गेम तोवरचा सर्वाधिक विकला गेलेला कॉम्प्युटर गेम ठरला होता. मुलगे खेळणार नाहीत म्हणून ज्याची धास्ती होती तो गेम मुलींनी आणि बायकांनी डोक्यावर घेतला, आणि मुलगेही खेळलेच.

पण पहिल्या सिम्समध्ये कोणी म्हातारं होत नसे. बाळ तीन दिवसांत मोठं होई आणि मग कायमचं शाळकरी राही. म्हणून आम्ही म्हणायचो, पुढच्यात असेल. आणि होतं! सप्टेंबर २००४ च्या ‘द सिम्स २’ने वय दिलं, मरण दिलं, वारसा दिला. नात जन्मली की तिच्या तोंडावळ्यात आजीचे डोळे उतरत. आपल्याकडे बारशाला जमलेली मंडळी जे हमखास बोलतात, नाक अगदी आजोबांचं हो, ते पडद्यावर घडत होतं. तान्ह्या मुलांना चालायला आणि बोलायला शिकवायचं, शी-शूचं वळण लावायचं. सिम्सना आठवणी होत्या, इच्छा होत्या, भीती होती. माझ्या मते मालिकेचं सगळ्यात मायेने केलेलं काम हेच. चाहत्यांच्या मनात पुढच्या भागाचं माप याच गेमने घातलं.

जून २००९ मध्ये तिसरा आला आणि त्याने गाव उघडं केलं. घरातून निघून चौकापर्यंत, बागेपर्यंत, शेजाऱ्याच्या दारापर्यंत मध्ये लोडिंगचा पडदा न येता जाता यायचं. कोणत्याही वस्तूला हवा तो रंग, हवं ते कापड लावता यायचं. माझ्या एका मैत्रिणीने सोफ्यापासून पडद्यांपर्यंत सगळं एकाच चौकडीचं केलं होतं. किंमत यंत्राने मोजली. जुन्या कॉम्प्युटरवर गाव अडखळायचं, पॅक (मूळ गेमला जोडायला वेगळी विकत घ्यायची भर) वाढले की आणखी. राइट त्याच वर्षी एप्रिलमध्ये कंपनी सोडून गेले होते.

चौथ्याची गोष्ट मात्र सावकाश सांगायला हवी, कारण आजच्या सगळ्या धास्तीचं मूळ तिथे आहे.

सप्टेंबर २०१४ मध्ये ‘द सिम्स ४’ आला तेव्हा त्यात पोहण्याचा तलाव नव्हता आणि रांगती मुलं नव्हती. बाळ पाळण्यातून उठून थेट शाळेत जायचं. उघडं गाव गेलं होतं, हवे ते रंग गेले होते. दहा वर्षांपूर्वी ज्यांनी सिमच्या पोराला बोट धरून चालवलं होतं, त्यांना पाळण्यानंतर एकदम दप्तर दिसलं. तलाव नोव्हेंबर २०१४ मध्ये परत आला. रांगत्या मुलांना यायला जानेवारी २०१७ उजाडला. तान्हं बाळ पाळण्याबाहेर काढून कडेवर घ्यायला, पालथं पडताना बघायला मार्च २०२३.

असं का झालं याचं उत्तर पुढे कळलं. हा गेम आधी अनेकांनी मिळून इंटरनेटवर खेळायचा म्हणून घडवायला घेतला होता आणि मधेच दिशा बदलून एकट्याने खेळायचा करावा लागला. मार्च २०१३ मध्ये नवी ‘सिमसिटी’ इंटरनेटच्या सक्तीसह आली होती आणि पहिल्याच आठवड्यात सर्व्हर कोलमडून लोक खोळंबले होते. त्याआधीचा ‘द सिम्स ऑनलाइन’ डिसेंबर २००२ मध्ये सुरू होऊन २००८ मध्ये बंद पडला होता. म्हणजे या घराण्यात अनेकांनी मिळून खेळायचा डाव तीनदा मांडला गेला आणि तिन्ही वेळा काहीतरी हातचं गेलं. भातुकलीत शेजारची मुलं येतात, पण कोणाला बोलवायचं हे अंगण ज्याचं तो ठरवतो. चाहत्यांना मैत्रिणीबरोबर खेळायला आवडेलच. मैत्रीण नसताना डाव मोडू नये, एवढीच त्यांची मागणी आहे.

दुसरं दुखणं पॅकचं. गेममध्ये ऋतू हवे असतील तर वेगळा पॅक घ्यायचा. दुसऱ्या सिम्ससाठी तो २००७ मध्ये आला, तिसऱ्यासाठी २०१२ मध्ये, चौथ्यासाठी २०१८ मध्ये. बरोबरीने चालत आलेल्या माणसाने एकाच पावसाचे तीनदा पैसे मोजले. कुत्र्या-मांजरांचं त्याहून वाईट: २००२, २००६, २०११, २०१७. ऑक्टोबर २०२२ पासून चौथा मूळ गेम फुकट झाला ही मोठी गोष्ट, आणि भाचीसारखी पुष्कळ मुलं त्यामुळेच आत आली. पण सगळे पॅक घ्यायचे म्हटले तर बेरीज हजार डॉलरांच्या वर जाते. आषाढात जिथे विश्वामित्री दुथडी भरून वाहते तिथल्या मुलीला घरावर पाऊस पाडायला पैसे भरावे लागतात, हे मला बरोबर वाटत नाही. नव्या भागात ऋतू पहिल्या दिवसापासून असावेत ही मागणी म्हणूनच इतक्या जोराने होते.

१८ ऑक्टोबर २०२२ लाच ‘प्रोजेक्ट रेने’ या नावाने नवा सिम्स गेम जाहीर झाला. फर्निचरचा एकेक भाग बदलता येईल, फोनवर आणि कॉम्प्युटरवर खेळता येईल, एकट्याने किंवा मित्रांबरोबर. सगळ्यांनी त्याला लगेच पाचवा सिम्स म्हणायला सुरुवात केली; कंपनीने तसं म्हटलं नव्हतं. सप्टेंबर २०२४ मध्ये इलेक्ट्रॉनिक आर्ट्सने स्पष्ट केलं की जुन्याच्या जागी नवा, अशा क्रमाने आता भाग येणार नाहीत. चौथा चालूच राहील आणि त्याच्या जोडीला वेगवेगळे सिम्स येतील. त्यांचं कारणही खोटं नाही. इतक्या वर्षांचे पॅक आणि घरं सोडून पुन्हा रिकाम्या अंगणात यायला लोक कचरतील. पण चोवीस वर्षं ‘पुढच्यात असेल’ म्हणत आलेल्या माणसाला पुढचाच नाही असं सांगितलं, तर त्याने अकरावं माणूस कुठे ठेवायचं?

मग नजर शेजाऱ्यांकडे, म्हणजे याच जातीचे गेम करणाऱ्या दुसऱ्यांकडे, वळली. रॉड हंबल एकेकाळी सिम्सचेच प्रमुख. त्यांच्या हाताखाली घडणारा ‘लाइफ बाय यू’ पुन्हा पुन्हा लांबला आणि जून २०२४ मध्ये रद्दच झाला. कॅनडातल्या एका छोट्या गटाने २०१९ मध्ये जाहीर केलेला ‘पॅरालाइव्ह्ज’ पॅकसाठी वेगळे पैसे न घेण्याचं वचन देतो. पोरं मोबाइलवर जी बंदुकांची लढाई खेळतात ती आणणाऱ्या क्राफ्टन या कोरियन कंपनीने मार्च २०२५ मध्ये ‘इनझोई’ आणला. पहिल्या आठवड्यातच त्याच्या दहा लाख प्रती खपल्या. त्यातलं उघडं शहर आणि वस्तूंचे हवे तसे रंग ही तिसऱ्या सिम्सच्या चाहत्यांची जुनीच यादी आहे. दिसायला देखणा, पण त्याला भारी ग्राफिक्स कार्ड लागतं, आणि बहुतेक घरांत अभ्यासासाठी घेतलेला एकच लॅपटॉप असतो.

आपल्या बाजूच्या अपेक्षा मात्र या सगळ्या चर्चेत कमी ऐकू येतात. २०१६ च्या शहरी पॅकमध्ये मसाल्यांचा उत्सव आला, २०२१ मध्ये मुंबईच्या फॅशन स्ट्रीटवरून बेतलेले कपडे आले. छान वाटलं. तरी चौथ्या सिम्सचा मजकूर एकाही भारतीय भाषेत वाचता येत नाही. नात्यांमध्ये काका आणि मामा एकच, आत्या आणि मावशी एकच. भाचीने मला गेममध्ये बसवलं तेव्हा नावाखाली इंग्रजीत जे नातं आलं ते वाचून ती हिरमुसली. “मावशी, यात तू नुसती कुणाची तरी आंटी आहेस,” म्हणाली. मामाने लाड करायचे आणि काकाने रागवायचं, इतकंही गेमला ठाऊक नसेल तर आपल्या घरातली निम्मी गंमत जाते.

आणि तो आठाचा आकडा. मॉड, म्हणजे खेळणाऱ्यांनीच गेमसाठी केलेले बदल, टाकून तो वाढवता येतो, पण दर अपडेटनंतर मॉड बिघडतात आणि सुधारून घ्यावे लागतात. डिसेंबर २०२३ च्या भाडेकरूंच्या पॅकमध्ये एका जागेत सहापर्यंत स्वतंत्र बिऱ्हाडं करता येतात. वाड्याच्या जवळ जाणारं मालिकेने दिलेलं आजवरचं हेच काय ते. वाढदिवसाला भाचीने तोच पॅक मागितला. तिने वाडा मधोमध विभागला: आजी-आजोबांसह आठ जण पुढच्या सोप्यात, काका-काकू आणि त्यांचा मुलगा मागच्या अंगाला. एका वेळी एकच बिऱ्हाड तिच्या हातात असतं, दुसरं आपापलं चालतं. आई अजून रोज विचारते, मागचे तिघं जेवले का. मग भाची पुढचं घर सेव्ह करते, मागचं उघडते, लोडिंगची पट्टी सरकेपर्यंत दोघी थांबतात, आणि काकूला चुलीपाशी उभी पाहून आई मान हलवते.