‘मु. पो.’च्या मागची गोष्ट

गेल्या पावसाळ्यात पुण्याच्या एका मित्राने मला कोकणात पुस्तकांचं पार्सल कुरियरने पाठवलं. चार दिवसांनी फोन आला. “पार्सल आलंय, पण तुमच्या गावात डिलिव्हरी नाही. तालुक्याला येऊन घेऊन जा.” म्हणजे एसटीचं जाण्यायेण्याचं तिकीट आणि अख्खा दिवस. त्याच आठवड्यात आमच्या वाडीतल्या एका म्हातारीचं बँकेचं पाकीट घेऊन पोस्टमन आला होता. मोटारसायकल रस्त्याला लावून, साकवावरून चालत, डोक्यावर इरलं नसलं तरी तसाच प्लॅस्टिकचा कागद घेऊन.

कुरियरवाल्याचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. एका पार्सलासाठी अठरा किलोमीटर उतरून यायचं तर पेट्रोलही सुटत नाही. पोस्टमनचंही सुटत नाही. तरी तो का येतो, हे समजून घ्यायचं तर बरंच मागे जावं लागतं.

आधी सरकारी टपाल होतं आणि मग खाजगी आलं, असा आपला समज असतो. घडलं उलटं. पेशवाईत जासूद आणि हरकारे पत्रं नेत, पण ती दरबाराची. व्यापाऱ्यांची पत्रं आणि हुंड्या पोचवायला सावकारांची स्वतःची महाजनी डाक होती. ती पेढीपासून पेढीपर्यंत चाले. जिथे पेढी नाही तिथल्या माणसाला पत्र येण्याचं कारणच नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीने मुंबईत १६८८ मध्ये टपाल कचेरी काढली, तीही मुख्यतः स्वतःच्या कारभारासाठी.

१८३७ च्या कायद्याने कंपनीच्या मुलखात पैसे घेऊन पत्रं नेण्याचा हक्क एकट्या सरकारकडे आला. महाजनी डाक बेकायदा ठरली. यात लोककल्याण वगैरे काही नव्हतं, महसूल हवा होता आणि कोण कोणाला काय लिहितो यावर नजरही. दर अंतरावर होते. कलकत्त्याहून मुंबईला तोळाभर वजनाच्या पत्राला एक रुपया पडे. त्या काळी मजुराला एक रुपया मिळवायला किती दिवस लागत, याचा विचार केला की पत्रं कोण लिहीत असेल ते कळतं.

खरा बदल १८५४ चा. इंग्लंडात रोलंड हिल नावाच्या माणसाने हिशेब मांडून दाखवलं होतं की पत्राचा खर्च वाटेत फारसा होत नाही. तो होतो ते घेण्यात, निवडण्यात आणि दारात देण्यात. मग अंतराचे पैसे कशाला? १८४० मध्ये तिकडे एकच दर आला. इकडे १ ऑक्टोबर १८५४ पासून पाव तोळ्यापर्यंतच्या पत्राला अर्धा आणा, देशात कुठेही. मालवणहून मुंबईला तेवढाच आणि मालवणहून पेशावरलाही तेवढाच. १८७९ मध्ये पाव आण्याचं पोस्टकार्ड निघालं.

हे ऐकायला गोड, पण त्यात एक मेख आहे. दर एकच ठेवला की मुंबई-पुण्याच्या पत्रावर पैसे उरतात आणि आमच्या वाडीच्या पत्रावर बुडतात. उरलेल्यातून बुडालेलं भरायचं, हा सगळा खेळ. त्यात दुसरा कोणी मुंबई-पुण्याचीच पत्रं थोडी स्वस्तात नेऊ लागला, तर मलई त्याची आणि वाडी सरकारची. म्हणून १८९८ च्या पोस्ट ऑफिस कायद्याच्या चौथ्या कलमात पत्रं नेण्याचा सरकारचा एकाधिकार कायम ठेवला गेला. मूळ हेतू महसुलाचा असला, तरी पुढे त्याच हक्काच्या आडोशाला खेड्यातली पोस्टं उभी राहिली.

कोकणात हे काम म्हणजे दिव्यच होतं. रेल्वे नाही, रस्ते खाड्यांनी तुटलेले. टपालाची थैली मुंबईहून आगबोटीने हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं करत यायची. बोट लांब उभी राहायची आणि पडावातून माणसं आणि थैल्या किनाऱ्याला लागायच्या. पावसाळ्यात बोटी बंद. मग थैली घाटावरून उतरायची.

घाटाशी असलेलं हे नातं आजही पिनकोडात दिसतं. १५ ऑगस्ट १९७२ ला पिन सुरू झाला. तो तयार करणारे श्रीराम भिकाजी वेलणकर मूळचे रत्नागिरी जिल्ह्यातलेच, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे कवी. पिनचे पहिले तीन आकडे टपाल कुठल्या केंद्रात निवडलं जाणार ते सांगतात. रत्नागिरी, दापोली ४१५ मध्ये, म्हणजे साताऱ्याबरोबर. मालवण, सावंतवाडी ४१६ मध्ये, कोल्हापूरबरोबर. आणि लांजा, राजापूर जिल्ह्याने रत्नागिरीत असूनही ४१६ च. जिल्ह्याच्या हद्दी कलेक्टरने आखल्या, पिनच्या हद्दी थैलीच्या वाटेने. आज प्रत्येक कुरियर कंपनी याच सहा आकड्यांवर आपली पार्सलं लावते, आणि त्याबद्दल कोणी कोणाला पैसा देत नाही.

पण कोकणाला पोस्ट कळलं ते पत्रांमुळे नाही, मनिऑर्डरीमुळे. १८८० पासून मनिऑर्डरीचं काम पोस्टाकडे आलं. १८८१ च्या खानेसुमारीत मुंबईत एक लाखाहून जास्त माणसं रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. गिरणीत, गोदीत, पोलिसात. गावच्या माणसांनी मिळून घेतलेल्या गाळ्यात पाळीपाळीने झोपायचं आणि महिन्याला गावी पैसे धाडायचे. त्याआधी पैसे ‘कोणाच्या तरी हाती’ यायचे. ते हात कधी बोटीवर रमायचे, कधी रस्त्यात खर्च व्हायचे. मनिऑर्डरीला पुढे वीस रुपयांमागे एक रुपया कमिशन होतं, ते काही थोडं नव्हे. लोक तरीही भरत, कारण पैसे पडवीवर पोचत आणि पोचल्याची पावती अंगठ्यासकट परत मुंबईला जाई.

माझ्या आजीची मनिऑर्डर मला आठवते. पोस्टमन ओटीवर बसायचा, चामड्याच्या पिशवीतून जांभळ्या शाईची डबी काढायचा, आजीचा अंगठा धरून फॉर्मावर टेकवायचा. मग नोटा मोजायच्या, आधी त्याने, मग आजीने, मग मी. फॉर्मच्या तळाला मजकुराची इवलीशी जागा असे. तेवढ्यात आजोबा सगळं बसवत : “लावणीस पाठविले. बैलाचे पाहा. चतुर्थीस येतो.” तो तुकडा फाडून आजी तांदळाच्या डब्यात ठेवायची. मात्र गणपतीच्या आधी हमखास गडबड व्हायची. सगळ्या मुंबईचे पैसे एकदम येत आणि गावच्या पोस्टाकडे तेवढी रोकड नसे. “कॅश आली नाही, परवा बघू.” परवाचा तेरवा होई आणि गणपती दारात येऊन उभा असे. यावरून पोस्टमनने किती शिव्या खाल्ल्या असतील, देव जाणे. पोस्ट म्हणजे सगळं सुरळीत होतं असं कोणी सांगितलं तर त्याला कोकणातली चतुर्थी विचारावी.

व्हीपीपी, म्हणजे व्हॅल्यू पेएबल पोस्ट, हीही अशीच जुनी, १८७७ ची. वस्तू दारात आल्यावर पैसे द्यायचे. हल्लीच्या मोबाईलवरच्या दुकानांनी ‘कॅश ऑन डिलिव्हरी’ची टिमकी वाजवली तेव्हा व्हीपीपीने पुस्तकं आणि औषधं मागवणाऱ्या जुन्या माणसांना हसू आलं असणार.

१९८० च्या दशकात शहरांत खाजगी कुरियर वाढले. ‘लेटर’ नेण्याचा हक्क सरकारचा, म्हणून त्यांनी पाकिटाला ‘डॉक्युमेंट’ म्हटलं. सगळ्यांना कळत होतं, कोणी अडवलं नाही. अडवणार तरी कोणत्या तोंडाने? पोस्टाचं पत्र कधी पोचेल याचा भरवसा उरला नव्हता आणि हरवलं तर खातं जबाबदार नाही, असं त्याच १८९८ च्या कायद्यात लिहिलेलं. नोकरीच्या मुलाखतीचं पत्र मुलाखतीनंतर आलं, अशी गोष्ट कोकणातल्या प्रत्येक घरात एक तरी निघेल. आमच्याही घरात आहे. १९८६ मध्ये स्पीड पोस्ट निघालं ते या स्पर्धेमुळेच, आणि ते चांगलं चाललं. खाजगीमुळे पोस्टाला जाग आली, हे मान्य करायला हवं.

पुढे २०२३ चा नवा पोस्ट ऑफिस कायदा झाला, तो १८ जून २०२४ पासून लागू आहे. त्यात पत्रांचा एकाधिकार नाही. तिकिटं काढण्याचा तेवढा सरकारकडे राहिला. २०२५ मध्ये रजिस्टर पोस्टही स्पीड पोस्टात विलीन झालं. सामायिक बागायतीच्या भांडणात एकमेकांना रजिस्टर एडी धाडण्यात हयात घालवलेल्या आमच्या गावांना हा मोठाच धक्का.

मलईवरचा हक्क गेला, वाडीचं काम मात्र खात्याकडेच आहे. ते किती तोट्याचं, हे खात्याच्याच नियमात दिसतं. खेड्यात शाखा डाकघर उघडायचं तर त्याने आपल्या खर्चाच्या निदान एक तृतीयांश कमवावं, अशी अट आहे. डोंगराळ, दुर्गम भागात ती १५ टक्क्यांवर येते. म्हणजे शंभर रुपये खर्चून पंधरा मिळाले तरी चालतील, असं आधीच ठरवून ते पोस्ट उघडायचं. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांना मिळतं, छापून-वाटून त्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट. कुठलीही कंपनी हे करणार नाही, आणि तिने करावं असं म्हणण्यातही अर्थ नाही. प्रश्न एवढाच की एकाधिकार नसताना हे ८५ रुपये कुठून यायचे. सध्या ते सरकारी तिजोरीतून येतात, आणि दरवर्षी कोणीतरी त्यावर बोट ठेवतं.

यातला एक वाटा मात्र हिशेबात येत नाही. खेड्यातलं पोस्ट चालवणारे ग्रामीण डाक सेवक खात्याचे पूर्ण वेळ नोकर नाहीत. दिवसाचे चार-पाच तास त्यांच्या नावावर, आणि पोस्टाला जागा त्यांनीच द्यायची. आमचं पोस्ट एका घराच्या पडवीत आहे. एक लाकडी कपाट, वजनाचा काटा, शिक्का, भिंतीवर बचत खात्याची पोस्टरं. पोस्टमास्तरीण बाईंच्या मोबाईलला तिथे रेंज नसते, तेव्हा त्या संध्याकाळी सड्यावर, म्हणजे वरच्या माळावर, जाऊन दिवसाचा हिशेब वर चढवतात.

तालुक्याच्या त्या कुरियरच्या पोराने हल्ली एक तोड काढली आहे. आठवड्यातून एकदा तो रस्त्यापर्यंत येतो आणि आमच्या सगळ्या वाड्यांची पार्सलं त्याच पडवीत ठेवतो. “काकी, तेवढी देऊन टाका ना.” कोणता दत्ताराम खालच्या वाडीचा आणि कोणता खाडीपलीकडचा, हे काकींना ठाऊक आहे. त्या निरोप धाडतात, लोक येऊन घेऊन जातात. माझं दुसरं पार्सल असंच आलं. त्यावर पत्ता छापलेला होता : मु. पो., मग गावाचं नाव.